हिरव्या पट्टीची वाट

विहान कर्णिकला अमिरातीतल्या अल ऐनच्या कम्युनिटी कॉलेजात ग्राफिक डिझाइनला प्रवेश मिळाला, तेव्हा त्याचे बाबा एवढंच म्हणाले, "दोन वर्षांचा डिप्लोमा आहे ना, होऊ दे. मग बघू."

ह्या 'मग बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. बाबा, म्हणजे सुजीत कर्णिक, एका खाजगी क्लिनिकमध्ये बायोमेडिकल इंजिनीअर होते. ईसीजीपासून एक्सरेपर्यंत तिथल्या सगळ्या यंत्रांची तब्येत तेच सांभाळायचे. मुलाने दोन वर्षं चित्रंबित्रं काढावीत आणि मग शहाण्यासारखं इंजिनीअरिंगला जावं, असा त्यांचा हिशेब होता. आई आभा मात्र खूश होती. विहान लहानपणापासून हाताला लागेल त्या कागदावर काढत बसायचा, पिझ्झाच्या खोक्यावर, डॉक्टरांच्या फाइलच्या पाठीवर. शाळेतले सगळे मित्र दुबईला किंवा कॅनडाला निघून गेले, तेव्हा हा एकटाच म्हणाला, "आय लाइक इट हिअर, आई."

खरंच आवडायचं त्याला अल ऐन. समुद्र नाही, उंच इमारती नाहीत, घाई नाही. रुंद रस्ते, मधोमध फुलांनी भरलेले गोल चौक, आणि कुठूनही मान वर केली की दिसणारा जबल हफीतचा डोंगर. हिवाळ्यातल्या काही सकाळी वाळवंटावरून असं दाट धुकं यायचं, की डोंगर नाहीसा व्हायचा, समोरची मशीद नाहीशी व्हायची, आणि बाबांची गाडी दुधातून पोहत गेल्यासारखी कॉलेजकडे जायची. 

कॉलेजात त्यांना फहद नावाचे जॉर्डनचे शिक्षक होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. संथ बोलायचे, आणि बोलता बोलता मधेच थांबून मुलांच्या कागदाकडे इतका वेळ बघत राहायचे, की मुलांनाही आपल्याच रेघा नव्याने दिसायला लागायच्या. पहिल्या सत्रात त्यांनी वर्गाला खजुराच्या जुन्या बागेत नेलं. संगणक नाही, मोबाइल नाही. पोस्टर कलर त्यांनी स्वतःच कागदी पेल्यांमध्ये ओतून आणले होते.

"जे दिसतंय त्याचं पोस्टर करा," ते म्हणाले. "चारच रंग वापरायचे. यल्ला, चला."

विहान एका मातीच्या भिंतीला टेकून बसला. वर खजुरीच्या झावळ्यांचं छत होतं, त्यातून ऊन गाळून खाली पडत होतं. शेजारून फलज वाहत होता. ह्या बागांना पाणी नेणाऱ्या जुन्या पाटांना इथे फलज म्हणतात. पाण्याचा आवाज इतका बारीक होता, की तो कानाने ऐकू येतोय की नुसता वाटतोय, हे कळत नव्हतं. विहान काढत राहिला. कुणीतरी हाक मारली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सगळे केव्हाच उठलेत आणि त्याच्या मांडीवर झावळीची सावली सरकून आली आहे.

दुसऱ्या दिवशी सगळी पोस्टरं भिंतीवर लागली. विहानच्या पोस्टरपुढे उस्ताद थांबले.

"झाडं गंजासारखी तांबूस," उस्ताद हळूच म्हणाले. "आणि जमीन शेवाळासारखी हिरवी. का?"

विहानने चित्राकडे पाहिलं. त्याला त्यात काहीच वेगळं दिसेना. झाडं झाडांसारखी होती, माती मातीसारखी होती.

शेजारी माहनूर उभी होती. तिचे वडील पेशावरचे, पण ती जन्मली इथेच. ती म्हणाली, "यार, ये तो ख़्वाब है! तूने सोचा कैसे?"

"बस... ऐसे ही," विहान म्हणाला.

उस्तादांनी मान डोलावली. "ह्या मुलाला जागेपणी स्वप्नं पडतात," ते वर्गाला म्हणाले. "सांभाळा त्याला."

सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. विहानही हसला.  पण दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर तो एकटाच परत आला आणि बराच वेळ त्या पोस्टरपुढे उभा राहिला. खिडकीबाहेर कॉलेजची हिरवळ होती. तो एकदा हिरवळीकडे बघायचा, एकदा पोस्टरकडे.

त्याला आठवलं, शाळेत प्रत्येक खडूवर रंगाचं नाव छापलेलं असायचं. तो नाव वाचून रंगवायचा. सगळेच तसं करतात, असं त्याला वाटायचं.

त्यानंतर कॉलेजात त्याचं नाव 'ड्रीमर' पडलं, आणि तो त्या नावाआड राहायला शिकला. संगणकावर रंगांना आकडे असत, ते तो पाठ करायचा. अडलं की माहनूरला सहज विचारल्यासारखं विचारायचा, "दोन्हींपैकी कुठला बरा वाटतो?" ती सांगायची. रात्री मात्र त्याला एकच स्वप्न पडायचं. तो बागेतून चालतोय, आणि प्रत्येक झाड त्याला विचारतंय, माझा रंग कुठला, सांग. तो तोंड उघडायचा आणि फलजच्या पाण्यासारखा नुसता आवाज बाहेर यायचा.

जानेवारीत बाबा एक दिवस हसतच घरी आले. क्लिनिक वाढवलं होतं, नवा भाग जोडला होता आणि पेशंट तिथे चुकायला लागले होते. मॅनेजर हनीफसाहेबांना जमिनीवर रंगीत पट्ट्या हव्या होत्या. रिसेप्शनपासून हिरवी पट्टी धरली की माणूस रक्ततपासणीला पोचेल, विटकरी धरली की मागच्या दाराने पार्किंगला. भिंतीवर तसा नकाशा.

"मी म्हटलं, माझा मुलगा डिझायनर आहे," बाबा म्हणाले.

डिझायनर हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. आभाने स्वयंपाकघरातून डोकावून विहानकडे पाहिलं. विहानला नाही म्हणता आलं नाही.

नकाशा त्याने सुंदर केला. अक्षरं मोठी, अरबी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. रंगांचे आकडे त्याने नीट तपासले होते. पट्ट्यांच्या गुंडाळ्या छापखान्यातून आल्या, आणि रविवारी क्लिनिक बंद असताना तो त्या चिकटवायला गेला. बाबा वरच्या मजल्यावर एका यंत्राशी झटत होते. खाली विहान एकटा. लांब, पांढरा, शांत कॉरिडॉर. गुडघ्यांवर बसून एकेक वीत पट्टी पुढे सरकवताना त्याला बागेतल्यासारखंच वाटायला लागलं, जणू तो जमिनीवर पाटच काढतोय आणि मागून पाणी येणार आहे. कॉरिडॉर जिथे दोन्हीकडे फुटतो त्या वळणावर दोन्ही पट्ट्या कापून तो पाणी प्यायला उठला. परत आला, तर दोन्ही गुंडाळ्या शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या सोलताना केव्हाच निघून गेल्या होत्या. त्याने त्या खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. एक जरा गडद वाटली. हीच हिरवी, असं त्याने ठरवलं आणि कामाला लागला.

सोमवारी सकाळी एक म्हाताऱ्या अमिराती बाई उपाशीपोटी रक्ततपासणीला आल्या. त्यांचा मुलगा समोरच्या रस्त्यावर गाडी लावायला गेला होता. रिसेप्शनिस्टने त्यांना हिरवी पट्टी दाखवली. त्या काठी टेकत निघाल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

लॅबमध्ये नाहीत, वेटिंग रूममध्ये नाहीत. मुलगा घाबरला, आवाज चढला. नर्सेस धावत सुटल्या. सुजीत आवाज ऐकून खाली आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, हिरव्या पट्टीवरून चालायला लागले. वळणावर पट्टी डावीकडे लॅबला जायला हवी होती. ती उजवीकडे गेली. तिच्यामागून ते मागच्या दाराबाहेर आले.

पार्किंगच्या अलीकडे एक लहानसं अंगण होतं. तिथे गाफचं एक जुनं झाड होतं, त्याच्याखाली बाक. बाई बाकावर बसल्या होत्या, हनुवटी काठीवर टेकलेली, डोळे मिटलेले. चिमण्या त्यांच्या चपलांपाशी दाणे टिपत होत्या. सुजीतच्या पावलांनी बाई जाग्या झाल्या.

"तुमची हिरवी वाट छान आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "थेट झाडाखाली आणून सोडते. आता रक्त इथेच घेणार का?"

त्यांना काही झालं नव्हतं. पण त्यांचा मुलगा संतापला होता आणि त्याचंही बरोबर होतं. सुजीतनी हनीफसाहेबांसमोर त्याची माफी मागितली. "चूक आमची," एवढंच म्हणाले. कोणाची, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी ते आधी चहा प्यायले. कप खाली ठेवला, आणि मग म्हणाले, "वळणावर पट्ट्या उलट्या लागल्यात."

विहानचा चेहरा उतरला. "सॉरी, बाबा. आय विल फिक्स इट."

"सॉरी ठीक आहे. पण हिरवी आणि विटकरी! त्यात चुकायला होतंच कसं? रंग दिसत नाहीत का तुला?"

हे ते चिडून बोलले होते. उत्तराची अपेक्षा नव्हती.

"नाही, बाबा," विहान म्हणाला. "मला वाटतं, नाही दिसत."

आभाच्या हातातला डबा तसाच राहिला. विहान नेहमी इंग्रजीतून उत्तरं द्यायचा. हे त्याने मराठीत सांगितलं होतं. मग बोलतच राहिला. बागेतलं पोस्टर, खडूंवरची नावं, पाठ केलेले आकडे, सगळं. बाबांनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी ते उठले आणि बाल्कनीत गेले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "उद्या आमच्या आय स्पेशालिस्टला दाखवू. यंत्र असो, माणूस असो, आधी तपासायचं." आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. ओझं ठेवावं तसा जड, पण बराच वेळ.

डॉक्टरांनी ठिपक्यांची पानं दाखवली. बाबांना प्रत्येक पानावर आकडा दिसत होता. विहानला बहुतेक पानांवर नुसते ठिपके. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला जन्मापासून नीट कळत नव्हता. औषध नाही, धोकाही नाही. "आईकडून येतं हे बहुतेक वेळा," डॉक्टर सहज म्हणाले. "आईला स्वतःला त्रास नसतो. पण तिच्या वडिलांना असू शकतो."

गाडीत आभा खिडकीबाहेर बघत होती. डोळे भरले होते.

"आई, इट्स नॉट युवर फॉल्ट," विहान मागून म्हणाला.

"त्यासाठी नाही रे," ती म्हणाली. "मला अण्णा आठवले."

तिचे वडील, अण्णा, मिरजेला शाळेत भूमिती शिकवायचे. ती लहान असताना ते तिला बाजारात न्यायचे, टोमॅटो हातात घ्यायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "आभा, सांग बघू, पिकलाय का हा?" ती बघून सांगायची. ते म्हणायचे, "शाब्बास." पेरू, मिरच्या, बोरं, प्रत्येक वेळी तेच. तिला वाटायचं, अण्णा आपली परीक्षा घेतायत. सगळ्या भावंडांत फक्त आपल्यालाच नेतात, म्हणून ती मिरवायची.

"त्यांना दिसतच नव्हतं रे," ती म्हणाली. "ते मला खरंच विचारत होते. शेवटपर्यंत कुणाला बोलले नाहीत. मी त्यांचे डोळे होते, आणि मला माहीतच नव्हतं."

बाबांनी गाडी हळू केली. जबल हफीतवर ऊन उतरत होतं. तिघांपैकी कुणालाच घरी पोचायची घाई नव्हती.

विहानने कॉलेज सोडायचं ठरवलं. रंग न दिसणारा डिझायनर म्हणजे काय, असं त्याला वाटत होतं. बाबा 'आता इंजिनीअरिंगचं बघू' म्हणतील अशी त्याने वाट पाहिली, पण ते म्हणाले नाहीत. मग एका शनिवारी दुपारी आभाने कपाट उघडलं आणि आपल्या सगळ्या साड्या पलंगावर पसरल्या.

"बस इथे," ती म्हणाली. "मला रंगांची इंग्रजी नावं येत नाहीत. माझी सांगते."

एकेक पदर त्याच्या हातात देत ती सांगायला लागली. हा आमसुली. आमसूल पाण्यात टाकल्यावर पाणी हळूहळू जसं होतं, तसा. हा मोरपंखी, ह्याच्यात दोन रंग आहेत आणि एक दुसऱ्याला सारखा लपवतो. ही अबोली, कुजबुजल्यासारखी. ही पोपटी, कैरीचा पहिला चावा. डाळिंबी, गुलबक्षी, वांगी. विहान डोळे मिटून ऐकत होता. खोलीत कापराचा आणि जुन्या रेशमाचा वास भरला होता, पडद्यातून येणारं ऊन साड्यांवरून सरकत होतं. त्याला त्यातले अर्धे रंग सारखेच दिसत होते. पण आईच्या आवाजात त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. त्याला वाटलं, आपण रंगांच्या एका मोठ्या घरात आलोय. दिवे नाहीत, पण कुणीतरी हात धरून खोल्याखोल्यांतून फिरवतंय.

"ह्यातली सगळ्यात गडद कुठली?" आईने एकदम विचारलं.

त्याने डोळे उघडले आणि न थांबता बोट ठेवलं. "ही. मग ती, मग ती. आणि ह्या दोन सेम आहेत."

आभाने त्या दोन साड्या उचलल्या. एक लाल होती, एक हिरवी. तिने आयुष्यभर त्या शेजारी ठेवल्या होत्या, पण त्यांचा गडदपणा सारखाच आहे, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "अरे, खरंच की," ती म्हणाली.

सोमवारी विहान उस्ताद फहदना भेटला. "ते पोस्टर स्वप्न नव्हतं," तो म्हणाला. "मला तसंच दिसतं. मी खोटं बोललो."

उस्तादांनी कॉफीचा लहान पेला खाली ठेवला. 

"तुला वाटलं, मी रंगांसाठी तुझं कौतुक केलं?" ते म्हणाले. "हबीबी, त्या चित्रात सावली कुठे थांबते आणि पाणी कुठे सुरू होतं, ते बघ. तेवढं ह्या वर्गात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. रंग काढून घेतले तरी ते पोस्टर उभं राहतं. तू मला आधी सांगायला हवं होतंस. आता सांगितलंस. खलास, विषय संपला." मग त्यांनी विचारलं, "क्लिनिकचं काम अर्धवट आहे ना? ते आधी पुरं कर."

विहान आणि माहनूर त्या अंगणात, गाफच्या झाडाखाली बसून दोन-तीन दुपारी विचार करत राहिले. येणारी-जाणारी माणसं बघत राहिले. कुणाचं डोकं दुखत असायचं, कुणी चष्मा विसरलेलं असायचं, कुणाला दोन्ही भाषा वाचता येत नसायच्या, कुणी इतकं काळजीत असायचं की रंग समोर असून दिसत नसायचा.

"अम्मी को लाई थी, तब मैं भी खो जाती," माहनूर म्हणाली. "और मुझे तो सब रंग दिखते हैं."

तेव्हा विहानला सुचलं. पट्टी नकोच. रक्ततपासणीच्या वाटेवर त्याने हरणाची पावलं काढली, वाळूत उमटतात तशी, दुभंगलेली. पार्किंगच्या वाटेवर पाण्याच्या लाटा. एक्सरेकडे खजुराच्या बिया, एकामागून एक सांडत गेल्यासारख्या. सगळं गडद निळं, पांढऱ्या फरशीवर. निळा त्याचा भरवशाचा रंग होता. शिवाय अंधूक दिसणाऱ्यालाही तो फरशीपासून वेगळा कळला असता. हनीफसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला, डोकं खाजवलं, म्हणाले, "लहान मुलांचं वाटतं जरा. पण समजतंय. लावा, इन्शाल्ला ह्या वेळी कुणी हरवणार नाही."

रविवारी क्लिनिक बंद असताना विहान पुन्हा गेला. ह्या वेळी बाबा वर गेले नाहीत. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि त्याच्याबरोबर गुडघ्यांवर बसले. एकेक पाऊल हवेचा फुगा न राहता चिकटवायचं, हे त्यांना विहानपेक्षा चांगलं जमत होतं. बापलेक कॉरिडॉरमधून मागे सरकत गेले आणि त्यांच्यापुढे हरीण चालत गेलं.

"हे दोन पायांमधलं अंतर," बाबा एकदा म्हणाले, "तू मोजून घेतलंयस?"

"नाही. बघून."

बाबांनी टेप काढून दोन-तीन ठिकाणी मोजलं. सगळीकडे सारखं होतं. त्यांनी टेप खिशात ठेवला आणि पुढचं पाऊल हातात घेतलं.

वर्षाच्या शेवटी विहानने डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला नाव घातलं. घरात इंजिनीअरिंगचा विषय निघाला नाही. त्याने बाबांना एकदा विचारलंही, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरपण माणसं चुकतात. आधी ते बघ."

उन्हाळा सुरू व्हायच्या थोडं आधी तो एका सकाळी दुसऱ्या मजल्याची मापं घ्यायला क्लिनिकमध्ये गेला. खाली रिसेप्शनपाशी एक छोटी मुलगी सुईच्या भीतीने रडत होती. आई तिचा हात ओढत होती, "यल्ला, यल्ला." मुलीने रडता रडता खाली पाहिलं. हरणाचं एक पाऊल तिच्या बुटासमोर होतं. तिने त्यावर बूट ठेवून पाहिला. मग पुढच्या पावलावर. मग उडी मारली. आईचा हात केव्हा सुटला, तिला कळलंही नाही. ती टणाटण उड्या मारत वळणावरून डावीकडे गेली, आणि तिची आई फाइल छातीशी धरून हसत तिच्यामागे धावली.

विहान भिंतीला टेकून बघत राहिला. कॉरिडॉर पुन्हा शांत झाला. खिडकीतून ऊन फरशीवर येऊन पडलं होतं, निळी पावलं त्यात शिरत होती आणि पलीकडून बाहेर निघत होती.